महागडं ऑटोमॅटिक घड्याळ रोज पुढे पळतंय किंवा मागे पडतंय? आधी आठ दिवस वही लिहा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "एवढे लाख मोजले आणि घड्याळ आठवड्याला मिनिटभर पुढे जातं." कधी पुढे, कधी मागे. दुकानात नेलं की महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. माझ्या स्वतःच्या दोन आणि नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच घड्याळांचा हा प्रश्न मी गेली काही वर्षं सोडवत आले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. चूक किती सेकंदांची आहे हे नंतर बघायचं. ती रोज सारखी आहे का, हे आधी. रोज न चुकता ७ सेकंद पुढे जाणारं घड्याळ ठणठणीत असतं, जाणता कारागीर ते दहा मिनिटांत जागेवर आणतो. आज २ सेकंद पुढे, उद्या ९ मागे, परवा १५ पुढे, असं करणारं घड्याळ मात्र एकतर आजारी असतं, नाहीतर आपल्याच हाताळणीत काही चुकत असतं. आणि ते हाताळणीतलं काही असेल, तर मागचं झाकण न उघडता घरीच सापडतं.

किती चुकलं तर चालतं

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. आजची बरीचशी स्विस ऑटोमॅटिक घड्याळं (मनगटाच्या हालचालीने स्वतःच चावी भरणारी) ताशी २८,८०० ठोक्यांवर चालतात, म्हणजे सेकंदाला ८ आणि दिवसाला ६,९१,२०० ठोके. त्यात ६ सेकंदांचा फरक पडला तर १४,४०० भागांत एका भागाची चूक झाली. सेल नाही, वीज नाही, नुसती गुंडाळलेली स्प्रिंग आणि केसाएवढी बारीक दुसरी स्प्रिंग यांच्या जोरावर हे घडतं. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ सेकंदांच्या आत राहतं, कारण त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्या आकड्याशी मेकॅनिकल घड्याळाची तुलना करू नका, दोन्ही यंत्रंच वेगळी आहेत. आपल्या घड्याळाची तुलना त्याच्या बनवणाऱ्याने दिलेल्या शब्दाशी करायची.

तबकडीवर 'क्रोनोमीटर' लिहिलेलं असेल तर बहुधा त्यातलं यंत्र स्वित्झर्लंडच्या सीओएससी या तपासणी संस्थेकडून आलेलं असतं. तिथे ते १५ दिवस, ५ वेगवेगळ्या स्थितींत (तबकडी वर, तबकडी खाली, कडेवर उभं) आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांना तपासतात. सरासरी चूक दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, या मर्यादेत बसावी लागते. इथे एक गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही: ही तपासणी नुसत्या यंत्राची असते, केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवलेल्या पूर्ण घड्याळाची नव्हे. त्या कागदाला तुमचं मनगट माहीत नसतं. रोलेक्स म्हणूनच केसमध्ये बसवल्यावर पुन्हा तपासतं आणि दिवसाला २ सेकंद पुढे-मागे अशी मर्यादा पाळतं. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची मर्यादा ० ते ५ सेकंद पुढे अशी आहे, मागे पडणं त्यांना मान्यच नाही. ग्रँड सेको आपली मेकॅनिकल यंत्रं १७ दिवस, ६ स्थितींत तपासतं आणि सरासरी ३ मागे ते ५ पुढे ठेवतं. याउलट सेकोच्याच ४आर३६ या लोकप्रिय यंत्राची छापील मर्यादा ३५ सेकंद मागे ते ४५ पुढे आहे. ते घड्याळ रोज २० सेकंद पुढे गेलं तर त्यात बिघाड नाही. म्हणून सगळ्यात आधी आपल्या घड्याळासोबत आलेली पुस्तिका काढा आणि आकडा बघा. कितीतरी तक्रारी तिथेच संपतात.

वही कशी लिहायची

माझे बाबा एचएमटीचं चावीचं घड्याळ वापरायचे. रोज सकाळी बातम्यांआधी रेडिओवर वेळेचे ठोके वाजले की घड्याळ हातात घेऊन बघायचे, मग चावी द्यायचे. वेळ एकच, ठोके तेच, चावीचे फेरे तेवढेच. लहानपणी ती मला बाबांची एक सवय वाटायची. आता कळतं की घड्याळ तपासण्याची याहून चांगली पद्धत नाही.

तेच करायचं. पहिल्या दिवशी घड्याळाला पूर्ण चावी द्या. ऑटोमॅटिक असलं तरी किल्लीने, म्हणजे कडेच्या गोल बटणाने, ३० ते ४० फेरे द्या. त्याच्या स्प्रिंगचं टोक पूर्ण भरल्यावर आतल्या आत घसरतं, त्यामुळे जास्त चावी बसण्याची भीती नाही. निव्वळ चावीच्या घड्याळाला मात्र अडेल तिथे थांबा, जोर लावू नका. मग सेकंदकाटा ६० वर आला की किल्ली पूर्ण बाहेर ओढा. बहुतेक आधुनिक घड्याळांत काटा तिथेच थांबतो. मिनिटकाटा नेमक्या रेषेवर आणा, दोन रेषांच्या मध्ये नको. फोनवर मिनिट पालटलं की किल्ली आत दाबा. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. फोनची वेळ आपोआप जुळण्यावर ठेवली असेल तर आपल्या कामापुरता फोन पुरतो, फक्त आठही दिवस तोच फोन वापरा. लॅपटॉप, भिंतीवरचं घड्याळ आणि गाडीतलं घड्याळ यांना यात आणू नका.

मग रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळी ७ वाजता, फरक लिहायचा. सोबत तीन गोष्टी: हातावर किती तास होतं, रात्री कसं ठेवलं होतं, आणि दिवसभरात वेगळं काय घडलं. मध्ये काटे जुळवायचे नाहीत. कितीही चुळबुळ झाली तरी नाही. आठ दिवसांनी प्रत्येक दिवसाच्या आकड्यातून आदल्या दिवसाचा आकडा वजा करा. एकूण किती पुढे गेलं याला महत्त्व नाही, त्या-त्या दिवसाची चाल समजायला हवी.

माझ्या वहीतलं एक पान देते. सोमवारी ६ सेकंद पुढे. मंगळवारी १३, बुधवारी १९, गुरुवारी २६. म्हणजे रोजची चाल ६, ७, ६, ७. इतकी सरळ की बघून समाधान वाटावं. आणि शुक्रवारी सकाळी १ मिनिट ८ सेकंद. एका दिवसात ४२ सेकंदांची उडी.

अचानक खूप पुढे पळालं: चुंबक

त्या पानावर गुरुवारच्या 'वेगळं काय घडलं' या रकान्यात लिहिलं होतं: 'टॅबलेटचं नवीन कव्हर आलं.' रात्री झोपताना मी घड्याळ काढून टॅबलेटवर ठेवलं होतं. कव्हर बंद राहावं म्हणून त्याच्या कडेत चुंबकाच्या छोट्या पट्ट्या असतात. घड्याळ आठ तास त्यांच्यावर पडून होतं.

पक्कं करायला मुलाच्या शाळेच्या कंपासपेटीतलं छोटं होकायंत्र काढलं. ते जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं, आजूबाजूचे चमचे, चाव्या, फोन सगळं लांब केलं आणि सुई स्थिर होऊ दिली. मग घड्याळ हळूहळू जवळ नेलं. सुई वळली. एवढ्यावर निकाल लावायचा नाही, कारण घड्याळात पोलादाचे भाग असतात आणि साधं पोलादही सुईला थोडं ओढतंच. घड्याळ जागच्या जागी फिरवत राहायचं. एका बाजूला सुई ओढली गेली आणि दुसऱ्या बाजूला दूर ढकलली गेली, तर घड्याळात चुंबकत्व शिरलं आहे. माझ्या घड्याळाच्या ३ च्या बाजूने सुई येत होती आणि ९ च्या बाजूने दूर पळत होती.

असं का होतं, ते सांगते. बॅलन्स व्हीलला, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चाकाला, मागे-पुढे झुलवणारी हेअरस्प्रिंग जिलेबीच्या वेढ्यांसारखी असते, एक वेढा दुसऱ्याला न टेकता. चुंबकत्व शिरलं की वेढे एकमेकांकडे ओढले जातात, कधी चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते, झुलण्याचा वेळ कमी होतो आणि घड्याळ पुढे पळतं. थोडं चुंबकत्व असेल तर दिवसाला २०-३० सेकंद, जास्त असेल तर कित्येक मिनिटं. फारच झालं तर बंदही पडतं. चुंबकाला न दाद देणारं घड्याळ म्हणजे काय, याचं आंतरराष्ट्रीय मानक मीटरला ४,८०० अँपिअर, म्हणजे साधारण ६० गॉस, एवढा चुंबकाचा जोर सोसणं एवढंच मागतं. रोजच्या वापरातला छोटा पण ताकदवान चुंबक अगदी चिकटून असेल तर ही मर्यादा सहज ओलांडतो. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची १५,००० गॉसला तपासणी होते, तो वेगळाच वर्ग आहे.

उपाय सोपा आहे. घड्याळाचं सामान विकणाऱ्या दुकानात चुंबकत्व काढण्याचं छोटं यंत्र मिळतं, डबीएवढं. घड्याळ त्यावर ठेवायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश वर उचलत हातभर लांब न्यायचं. लांब गेल्यावरच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलंत तर होतं त्याहून जास्त चुंबकत्व आत राहू शकतं. यंत्र लवकर तापतं, म्हणून काही सेकंदांतच आटोपा. हे हातून होणार नाही असं वाटलं तर कोणताही घड्याळजी दोन मिनिटांत करून देतो. मी शुक्रवारी सकाळी हेच केलं, आणि शनिवारी चाल पुन्हा ६ सेकंदांवर.

दुखणं पुन्हा पुन्हा येण्याचं कारण बहुधा हेच असतं. घड्याळ दुरुस्त होऊन येतं आणि परत त्याच जागी ठेवलं जातं. घरात बघा: फोनच्या मागचं चुंबकी कव्हर, इअरफोनची डबी, लॅपटॉपचे स्पीकर, पर्सचं टक्कन बंद होणारं बटण, फ्रिजच्या दाराची पट्टी, आरोग्यासाठी म्हणून हातात घालतात ती चुंबकी ब्रेसलेट. घाबरून जाण्याचं कारण नाही. अंतर वाढलं की चुंबकाचा जोर फार झपाट्याने घटतो, वीतभर अंतर राखलं तरी पुष्कळ आहे.

कधी मागे, कधी पुढे, पहाटे बंद: चावी पुरत नाही

माझे मामा नाशिकला असतात. निवृत्तीच्या वेळी मुलांनी त्यांना चांगलं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ दिलं. दोन वर्षांत ते तीनदा दुकानात जाऊन आलं होतं. मामा म्हणाले, "अगं, तिथे चालतं, माझ्याकडे आलं की रुसतं बघ." मी त्यांना वही लिहायला सांगितली. वहीत पहिल्याच आठवड्यात दिसलं की घड्याळ हातावर दिवसाला जेमतेम पाच तास असतं. त्यातले तीन तास वर्तमानपत्र, टीव्ही आणि दुपारची विश्रांती. अशा बसण्यात ऑटोमॅटिकचा रोटर, म्हणजे हात हलला की फिरून स्प्रिंग भरणारं आतलं वजन, कितीसा फिरणार?

स्प्रिंग पूर्ण भरलेली असते तेव्हा बॅलन्स व्हील भरपूर झुलतं आणि चाल स्थिर राहते. भरण संपत आलं की झुलणं लहान होतं, मग किरकोळ घर्षणही चालीवर परिणाम करतं. घड्याळ कधी मागे पडतं, कधी पुढे जातं, काही भरवसा राहत नाही. बऱ्याच स्विस घड्याळांत वापरलेलं ईटीए २८२४-२ हे यंत्र पूर्ण भरल्यावर साधारण ३८ तास चालतं. रोज थोडी-थोडी तूट राहिली तर तिसऱ्या-चौथ्या पहाटे ते थांबणारच. दुकानात तपासताना ते पूर्ण चावी देऊन तपासतात, म्हणून तिथे दोष दिसत नाही.

मामा आता सकाळी चहा घेताना किल्लीने ३० फेरे देतात. घड्याळ रोज ४ सेकंद पुढे जातं, ठरल्यासारखं. घरून काम करणाऱ्या तरुण मंडळींचंही अगदी हेच होतं. दिवसभर टाइप केलं म्हणून मनगट फिरलं असं होत नाही. सेकोचं जुनं ७एस२६ असेल तर त्याला किल्लीने चावी देता येत नाही आणि सेकंदकाटाही थांबत नाही. तिथे हातावर जास्त वेळ घालणं हाच मार्ग.

रोज ठरावीक फरक पडतो: रात्रीची कूस बदला

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, कारण इथे बिघाडच नसतो आणि तरी सुधारणा होते.

भोवरा आरीवर उभा फिरतो तेव्हा तो फक्त एका टोकावर टेकलेला असतो. आडवा झाला की कूस घासते आणि दम लवकर संपतो. बॅलन्स व्हीलचंही तसंच आहे. घड्याळ टेबलावर पाठीवर, तबकडी वर करून ठेवलं की त्याचा आस एका टोकावर टेकतो, घर्षण कमी होतं. घड्याळ कडेवर उभं केलं की आसाची दोन्ही टोकं बाजूने घासतात आणि झुलणं लहान होतं. म्हणून प्रत्येक स्थितीत चाल थोडी वेगळी असते. घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १८०१ मध्ये तूर्बियोंचं, म्हणजे बॅलन्स व्हीललाच सावकाश गोल फिरवत ठेवणाऱ्या रचनेचं, पेटंट घेतलं ते याच अडचणीवर, कारण त्या काळी घड्याळ दिवसभर खिशात उभंच असायचं. मनगट दिवसभर दिशा बदलत राहतं, त्यामुळे ती युक्ती आज कौशल्याचा नमुना म्हणून जास्त आणि गरज म्हणून कमी वापरली जाते, असं माझं मत आहे.

आपण हा फरक रात्री कामाला लावू शकतो. रात्री ११ ते सकाळी ७, हे आठ तास घड्याळ एकाच स्थितीत असतं. पहिल्या रात्री तबकडी वर, दुसऱ्या रात्री तबकडी खाली (काच ओरखडणार नाही अशा मऊ कापडावर), तिसऱ्या रात्री किल्ली वर, चौथ्या रात्री किल्ली खाली. झोपताना आणि उठल्यावर फरक लिहा. माझं घड्याळ दिवसा १६ तासांत ५ सेकंद पुढे जातं. रात्री पाठीवर ठेवलं तर आणखी १ ते २ पुढे, किल्ली वर करून कडेवर ठेवलं तर ३ मागे येतं. पाठीवर ठेवून आठवड्याला पाऊण मिनिटाच्या आसपास जाणारं घड्याळ कडेवर ठेवल्यावर १४ सेकंदांत राहतं. एक पैसा खर्च न करता. तुमच्या घड्याळाची मागे पडणारी बाजू वेगळी असेल, ती वहीच सांगेल.

उन्हाळ्यामुळे घड्याळ बिघडतं, असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. शंभर वर्षांपूर्वी ते खरं होतं. शार्ल-एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवर काम केलं, त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्याच मार्गाने पुढे जात आजच्या हेअरस्प्रिंगचे धातू तापमानाला फारसे बधत नाहीत. तुमचं घड्याळ हातावर आहे म्हणजे ते शरीराच्या ऊबेतच आहे. मे महिन्याला दोष देऊ नका. बुलेटवरचा लांब प्रवास, भिंतीत ड्रिल मारणं, क्रिकेट, यांचा धक्का मात्र खरा आहे. अशा वेळी घड्याळ काढून ठेवा.

झाकण उघडण्याची वेळ कधी

काचेच्या आतून दव दिसलं तर वही-बिही काही नको, त्याच दिवशी घड्याळजीकडे जा. पावसाळ्यात किल्ली नीट न आवळल्याने हे होतं, आणि ओल आत राहिली की गंज दिवसांत धरतो.

एखादं घड्याळ जमिनीवर पडलं आणि तेव्हापासून मिनिटांनी पळतंय, होकायंत्र मात्र काही दाखवत नाही, तर हेअरस्प्रिंगचा वेढा अडकला किंवा वाकला असण्याची शक्यता मोठी. ते काम घरचं नाही. काही घड्याळांत मागच्या काचेतून + आणि − लिहिलेली छोटी पट्टी दिसते, तिला टाचणीने ढकलायचा मोह कृपा करून आवरा. केसाएवढी सरकली तरी मिनिटाचा फरक पडतो, आणि टाचणी घसरली तर हेअरस्प्रिंग जाते.

आणि जेव्हा पूर्ण चावी, चुंबक नाही, रात्रीची स्थिती तीच, तरीही चाल महिन्या-महिन्याला बिघडत जाते, तेव्हा तेल वाळलं आहे. बनवणारे ५ ते १० वर्षांत सर्व्हिसिंग सांगतात. तपासणी यंत्रावर बसवल्यावर कारागिराला बॅलन्स व्हीलच्या झुलण्याचा कोन विचारा. पूर्ण चावीला, तबकडी वर असताना तो साधारण २७० ते ३१० अंश हवा. उभ्या स्थितींत तो २०० च्या खाली येत असेल तर नुसतं 'लावून' घेण्यात अर्थ नाही, यंत्र उकलून साफच करावं लागतं. तपासणी यंत्रात लिफ्ट अँगल नावाचा एक आकडा भरावा लागतो. पुष्कळ घड्याळांना ५२ चालतो, पण ओमेगाच्या को-अॅक्शियल यंत्रांना ३८ लागतो. तो चुकला की कोनाचा आकडाच खोटा येतो, म्हणून तेही विचारायला संकोच करू नका.

माझं दुसरं घड्याळ एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून दोनदा 'मर्यादेत आहे' असा शेरा घेऊन परत आलं. दोन्ही वेळा मी तोंडी तक्रार केली होती: "मागे पडतं हो." तिसऱ्यांदा वहीची तीन पानं नेली: पूर्ण चावी दिलेल्या दिवशी २ सेकंद पुढे, हातातून काढून २४ तास ठेवल्यावर ११ मागे, किल्ली खाली ठेवलेल्या रात्री एकट्या ८ तासांत ६ मागे. काउंटरवरच्या मुलाने पानं आत नेली. थोड्या वेळाने आतून वयस्कर कारागीर स्वतः बाहेर आले, पानं टेबलावर पसरली आणि किल्ली खाली असलेल्या रात्रीच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आम्ही पूर्ण चावीवरच बघितलं होतं. उद्या २४ तासांनी परत बघतो." दुसऱ्या दिवशी फोन आला. उभ्या स्थितीत कोन १८० वर आला होता. घड्याळ उकललं, साफ झालं, नवीन तेल पडलं. परत घेताना मी पाचही स्थितींचे आकडे, पूर्ण चावीचे आणि २४ तासांनंतरचे, पावतीच्या मागे लिहून मागितले. ती पावती वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.